घरी जाताना मेन बंद करावा

गोराईच्या खाडीत एक मासेमारीची बोट आहे. तिच्या केबिनमध्ये सुकाणूच्या डाव्या हाताला बटणांचं छोटं पॅनेल आहे आणि त्यावर माझ्या अक्षरातली एक पट्टी चिकटवलेली आहे: 'घरी जाताना मेन बंद करावा.' वायरमन म्हणून काम करायला लागल्यापासून अशा पट्ट्या मी किती लिहिल्या याचा हिशेब नाही. बाकीच्या सगळ्या विसरलो. ही एक विसरता येत नाही, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर माझी चूक आणि त्या चुकीनंतरचं माझं वागणं, दोन्ही लिहावं लागेल. चूक एक वेळ सांगता येते. वागणं सांगताना अजून कान तापतात.

मी मुलुंडचा. वडील बुलढाण्याकडून आले आणि एका कारखान्यात चिकटले. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता. मी आयटीआय केलं, लायसन्स काढलं आणि सोसायट्यांची कामं धरली. मीटर रूम, पॅनेल, लिफ्टची लाइन, पाण्याचे पंप. या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला ब्रेकर या वस्तूचं नवल वाटतं. हाताच्या बोटाएवढं ते यंत्र. तारेला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज तिच्यातून जायला लागली की हे खटकन पडतं आणि घर जळायचं वाचतं.

मुलुंडलाच एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचा ब्रेकर सारखा पडायचा. "सारखं झोपतं हो हे बटण," ते म्हणाले, आणि बघतो तर त्यांनी बटण वर करून सुतळीने बांधून ठेवलेलं.

"सर, बांधून उपयोग नाही," मी म्हटलं. "बाहेरून कितीही आवळा, आतला खटका सुटायचा तो सुटतोच."

त्यांनी वाकून बटण बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या वर्गातल्या काही मुलांसारखं." गीझरची तार खराब झाली होती, ती बदलली. सुतळी त्यांनी स्वतः सोडली.

आता मेनबद्दल. मेन म्हणजे मुख्य स्विच, सगळ्यांच्या आधीचा. तो पाडला की घर मेलं, मग खुशाल तारांना हात घाला. आमचं सगळं आयुष्य या एका भरवशावर चालतं. माझा जोडीदार दत्ता एका सोसायटीत असाच मेन पाडून स्टुलावर चढला. तिथे आधी कुणीतरी पाण्याच्या पंपाची लाइन मेनच्या अलीकडून, म्हणजे वीज मेनपर्यंत पोचायच्या आधीच, घेतली होती. मेन बंद, पण ती लाइन जिवंत. दत्ता स्टुलावरून खाली आला तो त्याचा उजवा हात भाजून. आजही त्याची मूठ पुरती वळत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "अरे, मेन तर बंद होता ना रे?"

त्या दिवसापासून मी नियम केला. मी जोडलेलं काहीही मेनच्या अलीकडे असणार नाही. मेन बंद म्हणजे सगळं बंद. हा नियम मी हाताखालच्या पोरांना शिकवला, गिऱ्हाइकांना ऐकवला, पट्ट्यांवर लिहिला. मला त्याचा अभिमान होता, आणि इमारतीत तो आजही बरोबर आहे.

बोटीचं काम माझ्याकडे आलं ते सिल्वियामुळे. बोरिवलीला तिच्या फ्लॅटचं वायरिंग मी केलं होतं. काम आवडलं तेव्हा म्हणाली, "दादा, माझ्या पप्पांच्या बोटीचं करून द्याल? त्यांनी नुसत्या वायरी गुंडाळून ठेवल्यात. आत गेलं की गळफास लागेल असं वाटतं."

मी म्हटलं, करू की. वायर ती वायर.

बोरिवलीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलो. धक्क्यावर तिचे वडील उभे होते. पास्कलकाका. सत्तरीला आलेले, अंगाने वाळलेले, पाय अनवाणी. पिढ्यानपिढ्यांचं गोराईचं कॅथलिक घर. थोडी शेती, थोडी मासेमारी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पोहता येतं?"

"नाही."

"मग वायरी तरी नीट जोड."

बोट तीसेक फुटांची, फायबरची. दोन मोठ्या बॅटऱ्या, इंजिनावर चालणारा डायनामो, टपावर एक सोलर पाटी. बस. मी आत उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा उमगलं की इथे मागे कुणी नाही. इमारतीत काही झालं तरी मागे वीज कंपनी असते, रस्त्यावरची केबल असते, तक्रार करायला नंबर असतो. इथे जेवढी वीज तेवढी या दोन पेट्यांत. लाल-हिरवा दिवा, वायरलेस, मासे दाखवणारं यंत्र, भोंगा, सगळं तिच्यावर. एक अख्खं गाव तीस फुटांत, आणि त्याचं वीजघरही त्यातच.

मी सवयीने विचारलं, "काका, अर्थिंग कुठे देऊ?"

ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "खाली दहा हात पाणी, त्याच्या खाली चिखल. दे तुला पाहिजे तिथं."

मग मी शिकलो. वहीत उतरवून घेतलं, माहीतगारांना फोन केले, रात्री कंपनीची पत्रकं वाचली. बोटीत वीज बॅटरीच्या एका टोकातून निघते आणि काम करून दुसऱ्या टोकाला परत यावी लागते. जमीन तिला पोटात घेत नाही. दाब कमी म्हणून प्रवाह जास्त, आणि प्रवाह जास्त म्हणून तारा जाड. तारही घरातली चालत नाही. पितळेच्या भांड्याला करतात तशी तिच्या एकेका तंतूला कलई केलेली लागते, नाहीतर खारं पाणी रबराच्या आतून चढत जातं आणि वरून नवी दिसणारी तार आतून हिरवी भुकटी होते. काकांनी त्यांची जुनी तार सोलून दाखवली. खरोखर भुकटी पडली. मी ती बोटांवर घेऊन बघत बसलो. मिठाची ही ताकद मला माहीतच नव्हती.

काकांचं तर मला प्रत्येक दिवशी नवल वाटायचं. इंजिन चालू असताना ते गप्प बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "डिझेलच्या तिसऱ्या नळीत कचरा आहे," आणि असायचा. बोट कलली की मला कठड्याला धरावं लागायचं. ते हातात चहाचा कप घेऊन नुसते उभे. एकदा मी विचारलं, "तोल कसा सांभाळता?" तर म्हणाले, "मी नाय सांभाळत. ती सांभाळते."

इंजिनाचा दांडा जिथून बोटीच्या बाहेर पंख्याकडे जातो तिथे एक एक थेंब पाणी आत येत होतं. मी घाबरून दाखवलं.

"ते यायला पाहिजे," काका म्हणाले. "अगदी आवळलं तर दांडा तापून जळेल. थेंब येणार, आपण काढणार. बोट म्हणजे हेच."

थेंब येणार, आपण काढणार. वर्षानुवर्षं ते रोज सकाळी येऊन डब्याने तळाचं पाणी उपसत होते. आता कंबर साथ देत नव्हती म्हणून सिल्वियाने आपोआप चालणारा पंप आणून दिला होता. तळात एक तरंगता खटका. पाणी चढलं की तो वर येतो, पंप सुरू होतो, पाणी बाहेर. पॅनेलवर त्याचं बटण तीन घरांचं: आपोआप, बंद आणि हाताने.

आणि इथे मी ती चूक केली. बोटीचा पंप मेनच्या अलीकडून, सरळ बॅटरीवरून घ्यायचा असतो. स्वतःचा फ्यूज टाकून, पण मेनला वगळून. कारण बोट बांधून माणूस घरी गेला, मेन बंद केला, तरी थेंब यायचा थांबत नाही. मी वाचलेल्या पत्रकातही तशी आकृती होती. मी ती बघितली होती. बघून मनात म्हटलं, हे लिहिणाऱ्याने दत्ताचा हात बघितलेला नाही. आणि पंप मेनच्या पलीकडे, बाकीच्या सगळ्यांबरोबर, ओळीत जोडला.

काम संपलं त्या संध्याकाळी मी एकेक बटण वर केलं. डाव्या अंगाला लाल दिवा लागला, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा. खाडीच्या पाण्यात तिन्ही उतरले. मी उभ्या इमारती उजळल्या आहेत, पण असं कधी वाटलं नव्हतं.  काकांनी टोपी काढून हातात घेतली.

मग मी पट्टी चिकटवली आणि त्यांना पाठ करून घेतलं. "घरी जाताना काय करायचं?"

"मेन बंद."

"आणि पंपाचं बटण?"

"आपोआपवर. शाळेत घातलंस की रे मला."

पाच-सहा महिने काहीच झालं नाही, कारण ते जवळजवळ रोज बोटीवर जात होते. मग वसईला नात्यातलं लग्न निघालं. घरातले सगळे पाच दिवस तिकडे. सहाव्या दिवशी सकाळी रोझीकाकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, "बोट बसली रे."

मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट चिखलात एका कुशीवर टेकलेली, केबिनच्या खिडकीपर्यंत गाळाची रेघ. गावातली माणसं ओळ करून डब्यांनी पाणी काढत होती, भरती यायच्या आत. मी चिखलात मांड्यांपर्यंत उभा राहिलो आणि त्या क्षणी, अजून कुणी काही बोललं नव्हतं तेव्हाच, मला कळलं. पॅनेल उघडूनही बघावं लागलं नाही. थेंब थेंब, पाच दिवस, आणि मेन बंद.

"बटणं?" मी विचारलं.

"सगळी खाली केली आम्ही, शॉक नको म्हणून," एकजण म्हणाला.

काका कडेला एका उलट्या होडीवर बसले होते. मला म्हणाले, "मेन मी बंद केला होता. ते आठवतं. पंपाचं बटण आठवत नाही रे. आपोआपवर होतं का मी बंद केलं? सकाळपासून डोकं खाजवतोय."

मी म्हटलं, "बघू काका. आधी बोट वर घेऊ."

त्या क्षणी सांगितलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

इंजिन धुतलं, खोललं, जोडलं. माझं वायरिंग मी पुन्हा नव्याने केलं, स्वतःच्या खर्चाने, आणि लोक म्हणाले काय भला माणूस. त्या भल्या माणसाने पंप या वेळी गुपचूप सरळ बॅटरीवरून घेतला. कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं. पण काकांनी तपासायला मेन खाली केला आणि वाकून तळातला खटका हाताने उचलला. पंप गुणगुणायला लागला.

ते तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "मेन बंद आहे ना?"

"हो."

"मग हा कसा चालतो?"

"तो सरळ बॅटरीवरून असतो काका. मेनचा त्याच्याशी संबंध नाही."

"आधी पण असाच होता?"

पंप चालू होता. बाहेर पाण्याची धार पडत होती. मी म्हटलं, "हो. असाच होता."

काकांनी खटका सोडला. पंप थांबला. "म्हणजे बटण मीच बंद केलं," ते म्हणाले, आणि पंज्यांवरचं तेल पुसत बसले.

पुढचे तीन महिने मला बातम्या कळत होत्या. मी विचारत नव्हतो, सिल्विया सांगत होती. पप्पा बोटीवरून घरी येतात आणि पुन्हा जाऊन बटणं बघून येतात. दिवसातून तीनदा. मग घरातला गॅस बघतात. मग जाळी मोजतात. तिने त्यांना डोक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. काकी लोकांसमोर म्हणाल्या, "ह्यांचं हल्ली लक्ष नसतं," आणि ते भांडले नाहीत. आयुष्यभर भांडणारा माणूस. तिसऱ्या नळीतला कचरा कानाने ओळखणारा माणूस स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा घालवून बसला, आणि तो भरवसा माझ्या खिशात होता.

घरी सुनंदाला सांगितलं. बायको म्हणाली, "तू मला का सांगतोयस? माझी बोट आहे का?"

तरी मी गेलो नाही. बोलावणं आलं तेव्हा गेलो. सिल्वियाचा फोन: "पप्पा बोट विकतायत. रविवारी मनोरीचे एकजण बघायला येणारेत. त्यांना पॅनेल तेवढं समजावून द्याल का?"

रविवारी बोट धक्क्याला लावली होती. केबिनमध्ये मी, घ्यायला आलेला तो मध्यमवयीन माणूस, दारात सिल्विया, आणि कठड्यावर काका, आमच्याकडे पाठ करून. मी एकेक बटण दाखवलं. पंपाशी आलो. मेन खाली केला, खटका उचलला, पंप चालला.

"मेन बंद असून चालतो? झकास," तो माणूस म्हणाला. "मग ही बुडाली कशी हो?"

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले. वळले नाहीत, पाण्याकडे बघतच म्हणाले. "माझी चूक. बटण मी बंद केलं. माझं डोकं चालत नाही आता. वायरमनचा दोष नाय."

परक्या माणसासमोर माझी बाजू घेतली त्यांनी. सुतळी किती आवळायची याला मर्यादा असते.

"काका," मी म्हटलं, "पंप आधी असा नव्हता. मी तो मेनच्या पलीकडे जोडला होता. तुम्ही मेन बंद केलात तेव्हा पंपही बंद झाला. मेन बंद करायला तुम्हाला मीच शिकवलं होतं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

काका हळूहळू वळले. "परत बोल. नीट बोल. मला समजेल असं."

मी पॅनेल उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. आधी तार इथून होती. आता इथून आहे.

"म्हणजे त्या दिवशी मी काय केलं?"

"मेन बंद केलात. घरी गेलात. सगळं बरोबर केलंत."

"पंप आपोआपवर ठेवला होता मी?"

हे मला माहीत नव्हतं, आणि आता आणखी एक खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "ते मी बघितलं नाही, काका. पण कुठेही ठेवला असतात तरी तो चालला नसता."

 ते उत्तर त्यांना पटलं, कदाचित मी नुसतं हो म्हटलं असतं त्याहून जास्त. त्यांचे खांदे खाली आले.

सिल्विया माझ्याकडे बघत होती. "तीन महिने, दादा," ती म्हणाली. "तीन महिने मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन फिरतेय. डॉक्टर त्यांना विचारतात, आज कोणता वार, आणि बाहेर आल्यावर ते मला विचारतात, मी बरोबर सांगितला का."  

मनोरीच्या माणसाने घसा साफ केला. "मग बोटीचं काय ठरलं?"

"नाय विकायची," काका म्हणाले. मग मला म्हणाले, "चल घरी."

"काका, मी निघतो."

"निघतो कुठं? हे रोझीला सांगायचं. माझ्या तोंडून ती ऐकणार नाय. आणि शेजारच्या फिलोमिनाला पण. तिने अख्ख्या गावात सांगितलंय मी वेडा झालो म्हणून."

मी दोघींना सांगितलं. फिलोमिनाला तर दोनदा, कारण तिला कमी ऐकू येतं आणि काकांनी ओट्यावरून ओरडून सांगायला लावलं. रोझीकाकींनी सगळं ऐकून घेतलं, समोर ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी जेव. मग मी बोलते." जेवल्यावर त्या बोलल्या. ते इथे लिहीत नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मला त्या घरातून फोन आला नाही. मी जे समजायचं ते समजलो. मग एक दिवस काकांचा आवाज: "भोंगा वाजत नाय. येतोस का दुसरा बघू?"

गेलो. भोंग्याच्या जोडणीत मीठ साठलं होतं, साफ केलं. पॅनेलवरची माझी पट्टी तशीच होती. मी नखाने ती काढायला लागलो तर काकांनी हात धरला. "राहू दे. बरोबरच लिहिलंय." खाली त्यांनी जाड पेनाने, शाळा सुटून साठ वर्षं झालेल्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: 'पंप जागा आहे.'

आता मी वर्षातून तीन-चारदा जातो. इमारतींचीही कामं करतो, दत्तासाठी तिथला नियम मी पाळतो. पण मेन पाडल्यावर लगेच हात घालत नाही. आधी क्षणभर उभा राहून ऐकतो, कुठे काही चालू आहे का. एवढी साधी गोष्ट मला एका बोटीने शिकवावी लागली.

काम संपलं की काका मला आधी उतरवतात. मग केबिनमध्ये जातात. लाल विझतो, हिरवा विझतो, पांढरा विझतो, आणि ते मुद्दाम धक्क्यावर ऐकू येईल असं मोठ्याने म्हणतात, "मेन बंद केला रे. बघितलंस?"

"बघितलं, काका."

"बरोबर केला?"

"बरोबर केला."

मग आम्ही दोघं थोडा वेळ धक्क्यावर थांबतो. भरती चढत असते, बोट अंधारी, गप्प. आणि मग तिच्या पोटातून, कुणी न सांगता, ती गुणगुण सुरू होते आणि पाण्याची बारीक धार खाडीत पडायला लागते. काका ती पुरती थांबेपर्यंत ऐकतात. थांबली की टोपी घालतात आणि घरी निघतात. मागे वळून बघत नाहीत.